पराक्रमपूरचे साप

११ सप्टेंबर १९६०, इंदूर
आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत लिहीन. राग आला तर गावची भाषा निघेल, त्याला इलाज नाही.
नाव श्रावण. गाव चिंचखेड, पातूरच्या पलीकडे, जिल्हा अकोला. शिक्षण चौथी. म्हणजे चौथीत बसलो होतो. सध्या इंदूरला छापखान्यात. इथे बिडीची लेबलं, देवादिकांची चित्रं, सापशिडीचे पट, सगळं दगडावर काढून छापतात. माझं काम सगळ्यात जबाबदारीचं. छापून झालेला दगड वाळू-पाण्याने घासून कोरा करायचा. मी नसेन तर पुढचं चित्र निघणारच नाही. सेठला हे अजून कळलेलं नाही.
संकल्प एकच. खुशालरावाचा बदला. पुढच्या पोळ्याच्या आत.

१२ सप्टेंबर
बदला कशाचा ते लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही.
यंदाचा पोळा. सगळ्या गावाचे बैल सजून तोरणाखाली. मामाचा बैल उसना आणून मी सजवला होता. शिंगांना बेगड, कपाळावर आरसा, पाठीवर झूल. गावात असा बैल नव्हता. तोरणाखाली आला आणि बसला. उठेचना. शेपूट पिरगाळली, चुचकारलं, ढेप दाखवली. ढेप त्याने बसूनच खाल्ली.
आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. ज्याची खोड काढायची त्याच्यावर दोन ओळी रचायच्या, बाकीच्यांनी ओरडायचं. खुशालराव गावातला मोठा कास्तकार. मानाचा बैल त्याचा, तोरण तोडून बैल सोडायचा मान त्याचा, मिशाही त्याच्याच. त्याने हात वर केला आन म्हणते,
बैल बसला तोरणात, मालक पाहे वर,
उठ रे बाप्पा श्रावण्या, तूच ओढ वखर!
सारं गाव, हर हर महादेव! त्या आवाजाने बैल उठला आणि खुशालरावाच्या बैलामागे चालायला लागला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
शालू, जिला दिसावा म्हणून बैल एवढा सजवला होता, ती पण हासली. पण तिचं हासणं वेगळं होतं. आतून रडून राहिली होती, मला समजलं.
दुसऱ्या दिवशी गाव सोडलं.

२ ऑक्टोबर
प्लॅन ठरला. खुशालरावावर अशी झडती रचायची की पुढच्या पोळ्याला त्याने मिशी काढून पाटावर ठेवावी. दुपारभर बसलो. खुशालरावला यमकं भरपूर जुळतात. नाव, भाव, गाव, उमराव. पण जी ओळ होते ती त्याचं कौतुक केल्यासारखी होते. भाषेचा दोष आहे.

२० ऑक्टोबर, दिवाळी
मुद्दाम घरी गेलो नाही. गावाला माझी उणीव भासली पाहिजे.

९ नोव्हेंबर
सूर्यभान येऊन गेला. आमच्याच गावचा, बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी. पासावर फिरत असतो. मी विचारलं, गावात माझ्याबद्दल काय बोलतात? म्हणे काईच नाही. मी म्हटलं, काईच नाही म्हणजे? मी गाव सोडलं, दिवाळीला आलो नाही, कोणाच्या काळजाला काही झालं नाही? तर म्हणे, "त्याईले वाटते तू मामाच्या गावी बैल पोचवाले गेलास."
पोळ्यापासून बैल पोचवून राहिलो मी! वा रे गाव!
आईने ज्वारीचे पापड पाठवले. रागात सगळे खाल्ले.

१४ जानेवारी १९६१
आज नशीब पालटलं. सेठ म्हणाला, साधी सापशिडी खपत नाही, नवा खेळ पाहिजे. एक वीर आपल्या गावातून निघतो, जंगल, नदी, डोंगर पार करतो, शेवटच्या घरात राजवाडा. चित्र काढणार करीम उस्ताद, दगड घासणार मी.
दगड घासताना डोक्यात वीज चमकली. झडती काय, एक दिवस म्हटली की संपली. छापलेला साप जन्मभर राहतो. या खेळातला प्रत्येक साप म्हणजे माझा एक दुश्मन. सगळ्यात मोठा साप खुशालराव. मिशीसकट. घरोघर पोरं कवड्या टाकतील आणि म्हणतील, हट, खाल्लं या मिशीवाल्याने!
आणि वीर? ते लिहायची गरज नाही.

१६ जानेवारी
उस्तादला चहा पाजून सगळं समजावलं. तो भला माणूस. म्हणाला, मुझे तो चेहरे चाहिए ही थे, अपने मन से कितने साँप निकालूँ. वीराच्या गावाचं नाव विचारलं. खरं नाव घातलं तर कोर्टकचेरी होईल, म्हणून मीच ठेवलं. पराक्रमपूर.

२९ जानेवारी
पराक्रमपूरवरून उस्तादशी वाजलं. मी सांगितलं, गाव भिकार काढ. वीर तिथून वैतागून निघाला आहे. उस्ताद म्हणाला, भाई, बच्चा यहाँ से खेल शुरू करेगा, मसान से नहीं. मग तोच विचारायला लागला, तुझ्या गावात काय काय आहे?
मी म्हटलं, काय असणार, नदी आहे, तिच्यात उन्हाळ्यात झिरे खणावे लागतात, पाणी मात्र गोड. पारावर निंब आहे, त्याच्याखाली टवाळ लोक बसतात. बोरं आहेत, पण ती खुशालरावाच्या बांधावर. पलीकडे पातूरच्या लेण्यांचा डोंगर, संध्याकाळी जांभळा पडतो, उगाच. आमच्या घरामागे पळसाचं झाड आहे, शिमग्याला पेटल्यासारखं दिसतं, काही कामाचं नाही.
हे सगळं नालस्ती म्हणून सांगत होतो. उस्ताद ऐकत होता आणि काढत होता. संध्याकाळी पाहिलं तर गाव असं उतरलं होतं की तिथे राहायला जावंसं वाटावं.
बाहेर जाऊन तोंड धुतलं. डोळ्यात वाळू गेली होती.

१२ फेब्रुवारी
साप तयार. चेहरे मी तोंडी सांगितले. खुशालराव: मिशी कानापर्यंत, कपाळावर आठी, नजर मालकाची. उस्तादने असा काढला की पाहणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. फणा तर राजाच्या छत्रीसारखा. थोडा रुबाबदार झाला आहे. पण दुश्मन लहान असला तर वीर मोठा कसा दिसेल?
पुंजाजी, पिठाच्या गिरणीवाला. पोळ्याला सगळ्यात मोठ्याने हासला होता. त्याला एकदम बारका केला, कोपऱ्यात. वामनराव पण हासला होता, पण जागा उरली नाही. त्याला सोडून दिला. मन मोठं पाहिजे.

२० फेब्रुवारी
वीराच्या हातात तलवार पाहिजे म्हटलं. जागा कमी, तलवार आखूड निघाली, मुठीशी फुगीर. डोक्याला फेटा. कमरेला शिदोरीची टोपली, कारण घरून निघालेला माणूस उपाशी कसा जाईल? चेहरा माझा. उस्ताद म्हणाला थोडं हस, मी हसलो नाही. वीर हसत नसतो.

५ मार्च
मुख्य कलाकुसर आज माझ्या डोक्यातून निघाली. साप खाली कुठे सोडणार? उस्ताद म्हणाला, कोई यहाँ, कोई वहाँ. मी म्हटलं नाही. सगळ्या सापांच्या शेपट्या पराक्रमपुरात. ज्याला साप गिळेल तो थेट गावात जाऊन पडेल. म्हणजे जगाला कळेल की या लोकांनी श्रावणला कसं पुढे जाऊ दिलं नाही. उस्तादने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. थक्क झाला असणार.

२२ मार्च
पहिली छपाई. लाल, हिरवा, पिवळा. खुशालराव ओल्या शाईत चमकत होता. थुंकावंसं वाटलं, पण शाई खराब झाली असती.

२५ मार्च
सेठ आणि मुनीम गादीवर खेळायला बसले. मुनीम निघाला, नदी ओलांडली, पुंजाजीने खाल्लं, पराक्रमपूर. सेठ निघाला, जंगल पार केलं, डोंगर चढला, राजवाडा हातभर राहिला, खुशालरावाने खाल्लं, पराक्रमपूर. पुन्हा निघाले. पुन्हा पराक्रमपूर. दुपारचं जेवण थंड झालं. सेठच्या घरून बोलावणं आलं. दोघंही गावच्या निंबाखालीच.
मग सेठने कवड्या भिंतीवर मारल्या. "ये खेल है कि जेल? तुम्हारा हीरो तो घर से निकलता ही नहीं!"
खेळ रिजेक्ट.
सेठला सत्य पचलं नाही.

२६ मार्च
उस्तादला शिव्या बसल्या, मला दोन दिवसांची सुटी. बिनपगारी. एकटाच खेळून पाहिलं. संध्याकाळपर्यंत मीही पराक्रमपुरातच होतो. कवड्या वाकड्या आहेत.

१० मे
उन्हाळा फार आहे. बदला थोडा पुढे ढकलला. एवढ्या उन्हात सूड घेणं तब्येतीला बरं नाही.

१८ जुलै
सेठ रिजेक्ट पट रद्दीत घालणार होता. मी मागून घेतले. मोठा गठ्ठा आहे. म्हटलं, घरी भिंतीला लावीन. मनात हासलो. नवा प्लॅन असा: गाव कुठे खेळणार आहे, त्यांना नुसतं दिसलं पाहिजे. सूर्यभानने हे पट पहाटे गावभर चिकटवायचे. शाळा, गिरणी, पार, आणि एक खुशालरावाच्या दाराच्या बरोब्बर मधोमध. मग पोळ्याला मी जायचं, तोरणाखाली उभं राहायचं आणि सगळ्या गावाने त्याला हासायचं. त्या हासण्यातून मला माझं नाव परत पाहिजे. दुसरं काही नको.

६ ऑगस्ट
सूर्यभानला पट दिले. पाहून त्याचा चेहरा पडला. म्हणे, "लेका, हे मी चिकटवू? माही बायको तेथीच राह्यते." मी म्हटलं, मर्द आहेस का नाही? तर म्हणे, "हाव, पन बडनेऱ्यात." तरी घेऊन गेला. मित्र म्हणजे मित्र.

१६ ऑगस्ट, नागपंचमी
आज गाव पेटलं असेल. खुशालराव घरात तोंड लपवून बसला असेल. दुर्गाबाई, त्याची बायको, म्हणत असेल, काहून त्या पोराच्या नादी लागले होते तुमी? शालू एका पटासमोर उभी असेल. वीराकडे पाहत.
इथे छापखाना बंद. लाह्या खाल्ल्या.

३० ऑगस्ट
गावाहून काहीच निरोप नाही. चांगलं लक्षण. बोलायची कोणाची हिंमत नसेल.

८ सप्टेंबर
निघालो. खंडव्याला गाडी बदलली, भुसावळला बदलली. नवा शर्ट जपून ठेवला आहे, तोरणाखाली घालीन. झडती पण झाली, शेवटी. पहिली ओळ पक्की आहे. दुसरी त्या वेळी सुचेल. वीरांना वेळेवर सुचतं.

९ सप्टेंबर, पोळा. चिंचखेड
शुद्ध भाषा आज राह्यली.
सकाळी गावात पाय ठेवला. शाळेच्या भिंतीवर पट नाही. गिरणीवर नाही. पारावर नाही. सूर्यभानने दगा दिला म्हणून शिव्या देत घरात शिरलो तर आमच्या देवळीत पट! हळद, कुंकू, आघाड्याचा हार, समोर दुधाची वाटी. खुशालरावाच्या कपाळावर कुंकवाचा एवढा मोठा टिळा.
आईने मायेनं तोंडावरून हात फिरवला आन म्हणाली, "बाप्पा, किती चांगला निंगाला तू! पंचमीच्या टायमावर सगळ्या गावाले नागोबा धाडला."
सूर्यभान भ्यायला होता. गठ्ठा त्याने आईच्या पुढ्यात टाकला आन म्हणे श्रावणनं देल्ला, गावात वाटाले सांगतलं. आमच्याकडे दर श्रावणात नागाचा छापील कागद भिंतीला लावून पूजतात. यंदा पातूरच्या बाजारात कागद संपले होते. आईने गठ्ठा सोडला, पाहते तर सापच साप. घरोघर वाटले. मी म्हटलं, आई, त्याच्यावर आकडे हायेत, घरं हायेत, तो खेळ हाये! म्हणे, "आम्हाले वाटलं मंतर असतीन. शेह्यरातला नाग म्हटलं."
म्हटलं, आन मिशी? नागाले मिशी असते का?
"ते पाहून तं सारे पाया पडले," आई म्हणाली. "पंचमीच्या आदल्या दिशी खुशालरावच्या गोठ्यात खरा नाग निंगाला. हे एवढा. खुशालराव वैरण काढून राह्यले होते. नागानं पाह्यलं, फणा काढला आन चालला गेला. काही केलं नाही. ओळख दाखवून गेला बापा!"
मी उसन्या बैलासारखा खालीच बसलो.

(तारीख तीच, संध्याकाळी)
तोरणावर गेलो. नवा शर्ट घातला. घालायचं कारण राह्यलं नव्हतं, पण शर्ट होता.
वाटेत पुंजाजी गिरणीवाला भेटला. वाटलं आता गचांडी धरते. तो म्हणे, "काहून रे, मी का तुह्या डोळ्यात सलतो? खुशालरावले एवढा फणा आन मले गांडूळ केलं! घरची म्हणते, या गांडुळाले का दूध पाजू?" मी म्हटलं, जागा कमी होती. म्हणे, "पुढच्या साली ध्यानात ठेव."
वामनराव त्याच्या मागंच. तो तं रडाले आला होता. "आमी का मेलो होतो? गावातल्या सापाईत आमचं नाव नाही?"
दुर्गाबाई बाकीच्या बायाईसंगं उभी होती. म्हणते, "येक बरं केलं तू. सालभर हे माणूस फुत्कारते आन मी ऐकतो. यंदा याले भिंतीले टांगला, दूध देल्लं आन म्हटलं आता गप राय." साऱ्या बाया खिदळल्या. खुशालराव पण हासला. मिशीतल्या मिशीत, देवासारखा.
शालू होती. माह्याकडं पाहून राह्यली होती. जवळ आली. म्हटलं बोल, आता बोल. म्हणे, "कवा आले, गारुडीबुवा?"
म्हटलं, कोण?
तर म्हणे, "त्या कागदावर खाली तुमचंच चित्र हाये ना. हातात पुंगी, कमरेले सापाची टोपली, डोक्याले फेटा. आम्ही लगेच वळखलं. म्हटलं श्रावणभाऊ गारुडी झाले तिकडं."
श्रावणभाऊ म्हणे.
तलवार हाये ते, असं म्हणाले तोंड उघडलं. तितक्यात खुशालरावानं माह्या खांद्यावर हात ठेवला आन मले तोरणाच्या मधोमध नेलं. मी मनातल्या मनात पह्यली ओळ काढली. हेच ठिकाण, हाच टाइम, याच्याचसाठी साल काढलं. त्यानं माह्याआधीच हात वर केला,
नाग सारे पोट्ट्यानं बसवले घरोघर,
लेका गारुड्या श्रावण्या, पुंगी खाली धर!
हर हर महादेव! गेल्या सालाहून मोठा आवाज. खुशालरावानं माह्या डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ देल्लं आन म्हणे, "तोरण आज याच्या हातानं तुटीन." मानाचा बैल त्याचा, पन दावं माह्या हातात देल्लं. गावात असा मान बाहेरच्याले कवा भेटला नाही. मी बाहेरचा नाही, पन त्याच्या ध्यानात आलं नाही.
तोरण तोडलं. बैल सरळ चालला. बसला नाही.
झडती म्हटली नाही. दुसरी ओळ सुचली नाही. पह्यलीत त्याचं कौतुकच होतं, ते लोकाईनं ऐकलं असतं तं खरंच वाटलं असतं.

१० सप्टेंबर, सकाळ
परत शुद्ध लिहितो. मन शांत आहे.
खुशालरावाने सकाळी घरी चहाला बोलावलं. गेलो नाही. म्हणजे गेलो, पण चहा उभ्यानेच प्यायलो. पुढच्या पंचमीला आणखी कागद पाठव, पातूरच्या बाजारात ठेवू, असं म्हणाला. फणा आहे तेवढाच राहू दे, मिशी जरा वर घे, आणि तो खालचा गारुडी काढला तरी चालेल, जागा होईल, वामनरावाला घालता येईल. मी कप खाली ठेवला. त्याने ते हो समजलं. मी पण थोडं समजलो.
गाडीची वेळ झाली. शालूच्या घरावरून जाणार नव्हतो, पण स्टँडचा रस्ता तिकडूनच निघाला. अंगणात होती. नमस्कार करते गारुडीबुवा, म्हणाली. आतून रडत नव्हती, हे आता लिहून टाकतो.
निघताना आईने हाताला धरून देवळीपुढे उभं केलं. म्हणे, "परदेशात राह्यतं, पाया पडून जाय. ताजं दूध ठेवलं हाये. काई मागाचं असन तं मनात माग, यंदा हा नाग पावून राह्यला."
मी डोळे मिटले. खुशालरावाला कुंकू लावलं, वाटीला हात लावला आणि अगदी मनापासून मागितलं, देवा, त्या खुशालरावाचं वाटोळं कर.
डोळे उघडले तेव्हा ध्यानात आलं, अर्ज कोणाकडे केला.